पैसे आहेत, तरी खर्च करताना पोटात गोळा का येतो?

नदीकाठ

बरेच दिवस डोक्यात असलेला विषय आहे, इथे सगळ्या वयाची माणसं आहेत म्हणून इथेच लिहिते. कुठला फंड चांगला, एफडी कुठे करावी यावर ढीगभर बोललं जातं, पण पैसे हातात असताना मनात नेमकं काय चालतं यावर आपल्या घरांमध्ये कुणी बोलतच नाही. पगार किती हे सख्ख्या भावाला माहीत नसतं, कर्ज किती राहिलंय हे आईवडलांना माहीत नसतं, आणि कुणी विचारलंच तर "चाललंय ठीक" म्हणून विषय बंद.

मी पंचेचाळिशीची, कोथरूडला राहते, आम्ही दोघंही नोकरी करतो. घराचं कर्ज संपत आलंय, मुलीच्या शिक्षणाचं बाजूला काढलंय, दोघांची नोकरी एकदम गेली तरी सहा महिने घर चालेल एवढं एफडीत आहे. कागदावर सगळं जागच्या जागी. तरी लक्ष्मी रोडला पाच-सहा हजारांची साडी हातात घेतली की तिथेच धडधडायला लागतं, आणि घेतलीच तर पुढचे दोन दिवस तो आकडा डोक्यातून जात नाही. तेवढेच पैसे मुलीच्या क्लासला भरताना मात्र काही म्हणजे काही होत नाही.

हे कुठून आलं याचा विचार करत करत मी आजीपर्यंत पोचले. आमचं घर मूळचं नारायण पेठेतलं, नदीच्या अंगाचा वाडा. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, मागोमाग खडकवासलाही, आणि वाड्यात पाणी शिरलं तेव्हा आजी चार मुलांना घेऊन नेसत्या लुगड्यानिशी बाहेर पडली. पैसे आणि दागिने कपाटाच्या खालच्या कप्प्यात होते, ते गेले ते गेलेच. नंतर गोखलेनगरला पूरग्रस्तांसाठी अर्धगोल पत्र्याच्या निसेन हट होत्या ना, त्यात वडलांचं बालपण गेलं. त्यानंतर आजी होती तोवर पैशाचा डबा कायम माळ्यावर, आणि "हातचं सोडू नये, पाणी सांगून येत नाही" हे तिचं रोजचं वाक्य. वडलांनी ते उचललं, घरात नवीन काही आलं की त्यांचा पहिला प्रश्न, "गरज होती का?" आणि आता मुलगी बूट घेताना मला विचारते, "आई, घेऊ ना नक्की? गरज आहे ना?" चौदा वर्षांची पोर, तिने पूर बघितला नाही, चणचण बघितली नाही, पण भीती मात्र बरोब्बर पोचली तिच्यापर्यंत.

वडील रोज रात्री वहीत हिशेब लिहायचे, दूध, भाजी, पीएमटीचं तिकीट सगळं. मी तेच फोनमध्ये करते. फक्त काही महिन्यांपासून मोठ्या खर्चासमोर एक शब्द जास्तीचा लिहितीये, तो खर्च करताना जे वाटलं ते. आनंद, भीती, लाज, नाइलाज, असं. आणि जे दिसलं त्याने मी हलले. माझे सगळ्यात जास्त नको ते पैसे लाजेपोटी जातात. लग्नातला आहेर, "बाकीच्यांनी एवढे दिले म्हणून" ऑफिसातली वर्गणी, हॉटेलात बिल आलं की पटकन पुढे होणारा हात. आणि भीती जिथे पैसे अडवते त्या जागा बघा, दातांचं काम, चष्म्याचा नंबर तपासणं, रोज चालायला जाते तर चांगले बूट. म्हणजे इतकी वर्षं जिला मी काटकसर म्हणत आले ती माझ्या तब्येतीतून पैसे काढत होती.

तुमच्या घरातून पैशाबरोबर काय आलं तुमच्याकडे? मनापासून लिहा, गुंतवणुकीचे सल्ले नसले तरी चालतील.

मेथीचे_ठेपले

+१. साडीचा परिच्छेद माझ्या आईवर लिहिलाय असं वाटलं. वाचतेय.

बार्शीची_पोर

ताई, वाचताना डोळे भरून आले खरंच. मी सव्वीस वर्षांची, वाकडला तिघीजणी फ्लॅट भाड्याने घेऊन राहतो, नोकरी हिंजवडीत. पगाराचा मेसेज आला की आधी पप्पांना पाठवते, मग भाडं, मग मेस, आणि उरलं त्यात मी. पप्पा कधी मागत नाहीत, उलट "राहू दे गं तुला" म्हणतात, पण ज्या वर्षी पावसाने सोयाबीन गेलं त्या वर्षी गावच्या सोसायटीचं पीककर्ज थकलं ते मला माहितीये आणि माझ्या इंजिनिअरिंगची फी त्याच वर्षी कशी भरली तेही माहितीये, त्यामुळे मैत्रिणींबरोबर बाणेरला जेवायला गेलं आणि माझ्या वाट्याला आठशे-नऊशे आले की लगेच डोक्यात सुरू, एवढ्यात घरी फवारणीचं औषध आलं असतं. जेवण भारी असतं पण घास उतरत नाही. मैत्रिणींना सांगितलं तर त्यांना वाटणार ही सारखं रडगाणं गाते, घरी सांगितलं तर वाटणार पोरगी पुण्यात जाऊन उधळी झाली. त्यात स्कॅन करून पैसे जातात तेव्हा काहीच वाटत नाही, रात्री खोलीत आल्यावर सगळं एकदम वाटतं.

तुमचं ते शब्द लिहायचं करून बघते. माझ्याकडे बहुतेक एकच शब्द सगळीकडे येईल, अपराधी.

जुना_बाजार

आमच्या घरात पैशाबरोबर विश्वास आला आणि मग तो गेला, त्याबद्दल लिहितो.

अण्णा शाळेत शिक्षक होते. रिटायर झाल्यावर मिळालेलं जवळजवळ सगळं त्यांनी घराजवळच्या एका सहकारी बँकेत ठेवलं. का, तर तिथला मॅनेजर त्यांना ओळखायचा, "सर, या बसा" म्हणायचा, चहा मागवायचा. अर्धा टक्का व्याज जास्त होतं ते नंतरचं, खरी गोष्ट तो चहा. मग एके दिवशी संध्याकाळी बातमी आली की रिझर्व्ह बँकेने त्या बँकेतून पैसे काढण्यावर निर्बंध आणलेत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा त्या रांगेत उभे होते ज्यात त्यांचे माजी विद्यार्थीही होते. पैशाचं पुढे बरंच काही मार्गी लागलं. पण अण्णांनी बागेतल्या कट्ट्यावर जाणं बंद केलं, कारण कट्ट्यावरच्या दोघातिघांनी अण्णांच्या सांगण्यावरून तिथे एफडी केल्या होत्या. घरातले सगळे त्यांना आकडे समजावत होतो आणि त्यांना आकड्यांचं दुःख नव्हतंच. त्यांचा शब्द खोटा पडला होता, आणि त्याची भरपाई कुठलंच महामंडळ देत नाही.

ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी माहिती पण लिहितो. बँकेतल्या ठेवींना विमा असतो, तो १९९३ पासून १ लाख होता, फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख झाला. हे ५ लाख मुद्दल आणि व्याज धरून, आणि एका बँकेतल्या सगळ्या शाखा मिळून, माणसी. २०२१ ला कायदा बदलला, त्यामुळे आता निर्बंध आले तर विम्याची रक्कम साधारण ९० दिवसांत मिळायची तरतूद आहे, आधी लोक वर्षानुवर्षं थांबायचे. नवराबायकोचं जॉइंट खातं असेल तर नावांचा क्रम बदलून उघडलेलं दुसरं खातं विम्यासाठी वेगळं धरतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पतसंस्थेतल्या ठेवींना हा विमा लागूच नाही. पाटी दोन्हीकडे सारखी दिसते, काउंटर सारखा दिसतो, म्हातारी माणसं फरक करत नाहीत. आईवडलांना बसवून हे एकदा सांगा, पण ओरडून सांगू नका, त्यांनी जिथे ठेवलंय तिथे माणूस बघून ठेवलेलं असतं.

पर्वती_पायथा

वेगळं मत मांडते, राग मानू नका.

माझी आई सहकारनगरमध्ये चार घरी काम करते, मी आता सातारा रोडला एका सीएंच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. आमच्या घरात भीती होती ती आजीकडून वगैरे आली नव्हती, समोर दिसत होती. भाऊ तापाने फणफणला तर डॉक्टरला द्यायला पैसे नाहीत, एवढी साधी. अशा घरात कुणी येऊन "तुमच्या पैशामागची भावना तपासा" म्हणालं तर आई त्याला पाणी देईल आणि कामाला निघून जाईल. जिथे पुरतच नाही तिथे आधी पुरायला पाहिजे.

दुसरं, लाजेबद्दल. नदीकाठ ताई, तुमचे पैसे लाजेपोटी जातात ते पटलं, पण आमच्याकडे लाजेनेच पैसे साठले. आमच्या गल्लीत बारा बायकांची भिशी आहे, मी शाळेत होते तेव्हापासून. कागद नाही, व्याज नाही, दर महिन्याला चिठ्ठी निघते, पण आईचा नंबर सगळ्या मिळून जूनमध्ये धरायच्या कारण आमची वह्या-पुस्तकं, गणवेश जूनमध्ये. हप्ता कुणी बुडवत नाही कारण बुडवला तर नळावर तोंड दाखवता येत नाही. बँकेने आईला कधी कर्ज दिलं नसतं, त्या बारा जणींनी बिनव्याजी दिलं. शिवाय संध्याकाळी पिग्मीवाले काका यायचे, रोज थोडे थोडे, घरात राहिले असते तर वडलांच्या हाती लागले असते. आणि सोनं म्हणाल तर आईचं मंगळसूत्र किती वेळा सोनाराकडे गहाण जाऊन परत आलं ते तिलाच माहीत. हौस म्हणून तिने सोनं घेतलंच नाही कधी, अडल्या वेळी रात्रीतून पैसे होतात म्हणून घेतलं.

अजून एक सांगते, मनाला लागलं तर लागू दे. आईच्या चार घरांपैकी एका घरात सुट्टी घेतली की दिवसाचे पैसे कापतात. माणसं वाईट नाहीत, मला तर माझी सगळी पुस्तकं त्यांनीच दिली. पण घरात खर्च वाढला की त्यांना भीती वाटते आणि त्या भीतीत पहिला हात आईच्या पगाराला लागतो, कारण तिथे नाही म्हणणारं कुणी नसतं. वीजबिल कापता येत नाही, सोसायटीचा मेंटेनन्स कापता येत नाही. तुमच्या त्या शब्दांच्या यादीत हेही लिहा, की भीती वाटते तेव्हा आपण कुणाचे पैसे थांबवतो.

मेथीचे_ठेपले

पर्वती_पायथा, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. नवऱ्यालाही वाचायला दिला.

ईएमआय_रहाटणी

आमच्याकडे भांडण कर्जावरून आहे. ५० लाखांचं कर्ज, २० वर्षं, साडेआठ टक्के धरा, हप्ता ४३,३९१ येतो आणि शेवटपर्यंत फेडत राहिलं तर नुसतं व्याजच ५४ लाखांच्या वर जातं, म्हणजे मुद्दलापेक्षा जास्त. हा आकडा मी बाबांना सांगितला नाहीये, त्यांनी आयुष्यात सायकलसुद्धा हप्त्याने घेतली नाही आणि "डोक्यावर कर्ज असताना झोप कशी लागते रे तुला" असं ते अजून विचारतात. ऑफिसातले मित्र म्हणतात की प्रीपेमेंट कशाला करतो, तेच पैसे म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत टाक, लांबच्या मुदतीत जास्त मिळतील. गणितात त्यांचं बरोबर असूही शकतं, मी वाद घालत नाही. पण मी बोनस आला की एक जास्तीचा हप्ता मुद्दलात भरतो आणि त्या रात्री मला जी झोप लागते ती मला कुठल्याच चार्टवर दिसत नाही. दरवर्षी एक हप्ता जास्त भरला, ईएमआय तोच ठेवून मुदत कमी करून घेतली, तर याच कर्जाची तीन वर्षांहून जास्त मुदत कमी होते. फ्लोटिंग म्हणजे बदलत्या व्याजाच्या गृहकर्जाला आधी पैसे भरले म्हणून बँकेला दंड घेता येत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून लिहितोय.

बायकोचं म्हणणं उलटं आहे, तिला पैसे डोळ्यासमोर खात्यात दिसायला हवेत, मुद्दलात भरलेले पैसे तिला गेल्यासारखे वाटतात. तिच्या माहेरी आजारपणात घरातली सगळी पुंजी एका महिन्यात लागली होती आणि हातात रोख नव्हती म्हणून धावपळ झाली. हे तिने मला लग्नानंतर सहा वर्षांनी सांगितलं! तोवर मला वाटायचं हिला व्याज कळत नाही. आता बोनसचे निम्मे मुद्दलात, निम्मे तिच्या नावावर. भांडण मिटलंय असं नाही, पण निदान आम्ही आता एकमेकांचं गणित काढत बसत नाही.

तळजाई_सकाळ

नमस्कार. वय ७२, पिंपरीतल्या कारखान्यातून निवृत्त. धागा फार चांगला आहे, विशेषतः बार्शीच्या मुलीचं आणि पर्वतीच्या मुलीचं लिहिणं.

आमच्या पिढीचा प्रश्न वेगळा आहे, आम्हाला साठवता येतं, काढता येत नाही. आयुष्यभर पैसे आले की आधी बाजूला टाकायचे हीच शिस्त, आता नोकरी संपली तरी हात तोच. तळजाईला सकाळी फिरायला येणारे माझे बहुतेक मित्र असेच, दर तीन महिन्यांनी पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेचं व्याज येतं (या योजनेची मर्यादा २०२३ पासून ३० लाख झाली) आणि ते व्याज जाऊन परत एफडी करतात, स्वतः मात्र रिक्षाला पैसे नकोत म्हणून भर उन्हात चालत जातात. आमच्या सौभाग्यवतींचे गुडघे तीन-चार वर्षं दुखत होते, डॉक्टर ऑपरेशन सांगत होते आणि त्या म्हणत होत्या "अजून चालतंय की, मुलांना लागतील पैसे". मुलं अमेरिकेतून फोन करून सांगत होती की आम्हाला नकोत, तरी ऐकेनात. शेवटी मुलीने विचारलं, "आई, हेच पैसे माझ्या गुडघ्यासाठी दिले असतेस का?" त्या दिवशी तारीख घेतली.

मग आम्ही एक केलं, ते सांगण्यासाठीच लिहायला बसलो. पोस्टातलं व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारीत येतं, ते एका वेगळ्या बचत खात्यात घेतो आणि नियम असा की पुढचं व्याज यायच्या आत ते संपलं पाहिजे. औषधं यातून नाहीत, ती घरखर्चातून. यातून नाटक, नातवंडांना काहीतरी, कुणाला मदत, प्रवास. सुरुवातीला ते खर्च करायला अक्षरशः कष्ट पडले. मुद्दलाला हात लागत नाही हे माहीत असल्यामुळे आता जमतं.

जाता जाता एक विनंती. कुठे काय आहे याचा एक कागद करून घरातल्या दुसऱ्या माणसाला दाखवा, नुसता करून कपाटात ठेवू नका. आणि नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, बँक त्याच्या हाती पैसे देते पण कायद्याने ते वारसांचे असतात, म्हणून मृत्युपत्र करा. आमच्या सोसायटीत यावरून दोन सख्खे भाऊ बोलेनासे झालेले पाहिलेत.

नदीकाठ

सगळ्यांचे प्रतिसाद सावकाश वाचले, ऑफिसातून आल्यावर परत वाचले.

पर्वती_पायथा, तुझं म्हणणं मी पुरतं घेतलंय. जिथे पैसेच कमी आहेत तिथली भीती शहाणी असते, ती जागं ठेवते. मी लिहित होते ती पैसे आल्यानंतरही राहून गेलेल्या भीतीबद्दल. पण भीती वाटली की कुणाचे पैसे थांबतात, हा प्रश्न तू विचारलास तो माझ्या डोक्यात आलाच नसता. आमच्या मावशींच्या सुट्ट्या भरपगारी आहेत, पण दिवाळीचं दरवर्षी त्या त्या वेळी बघून ठरायचं. काल आम्ही दोघांनी बसून एक पगार असं कायमचं ठरवलं आणि मावशींना आजच सांगून टाकलं, म्हणजे त्यांनाही आधीपासून धरून चालता येईल. भिशीतली लाजही पटली. बारा जणी एकमेकींना ओळखतात तिथे लाज धरून ठेवते, आणि माझ्या ऑफिसच्या वर्गणीत जिच्यासाठी देतेय तिचं आडनावही धड माहीत नसतं.

बार्शीची_पोर, तुला एकच सुचवते. तू घरी किती देणं लागतेस हे तुझ्या मनात अमर्याद आहे, म्हणून प्रत्येक जेवणात ते येऊन बसतं. पप्पांना सरळ विचार, कर्ज नेमकं किती राहिलंय. मग महिन्याची रक्कम ठरव आणि ती गेली की उरलेले तुझे. विचारायला अवघड वाटेल, पण तू कमावती आहेस, तुला तो आकडा माहीत असायला हवा.

काका, तुमचं खात्याचं आईबाबांना वाचून दाखवलं. बाबा काही बोलले नाहीत, पण "कुठल्या बँकेत उघडलं त्यांनी?" असं जेवताना विचारलं.

बार्शीची_पोर

विचारलं. शनिवारी घरी गेले होते तेव्हा शेतातून येताना विचारलं. पप्पा आधी म्हणाले तुला काय करायचंय, मग दहा मिनिटं काहीच नाही, मग बांधावर बसून सगळं सांगितलं. आकडा माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. पण मी जे देते त्यात आणि त्यांचं उसाचं बिल धरून पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंत मिटतंय, आम्ही दोघांनी माझ्या फोनवर मांडलं. मला वाटायचं हे कधी संपणारच नाही. आणि पप्पा म्हणाले की तू पाठवतेस त्यातले थोडे ते माझ्या नावाने बाजूला टाकत होते लग्नासाठी, ते आधी यात भरायचे ठरलं, त्यावरून आईशी थोडं वाजलं पण ठीके.

एक विचारायचं होतं, कर्ज फिटल्यावर सातबाऱ्यावरचा बोजा आपोआप जातो का?

पर्वती_पायथा

आपोआप जाईल असं धरू नकोस. आमच्या ऑफिसात येतात अशी कामं. पूर्ण भरल्यावर सोसायटीकडून बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं बाकी नाही असा कागद, मागून घ्या, तो अर्जाबरोबर तलाठ्याकडे द्या, फेरफार होऊन बोजा कमी झाला की नवीन सातबारा काढून स्वतः बघा. दाखल्याची झेरॉक्स तुझ्याकडे पुण्यातही ठेव. आणि पैसे भरल्याची प्रत्येक पावती पप्पांना जपायला सांग, नुसतं "भरले" म्हणून सोडू नका.

बार्शीची_पोर

सांगते लगेच. पावत्या सगळ्या आहेत, देवघरातल्या डब्यात. दिवाळीला गेले की फोटो काढून घेते.